ठसा नीट उमटत नाही? स्टॅम्प बदलण्याआधी कागद बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवाळीसाठी चाळीस-पन्नास शुभेच्छापत्रं घरी करायची आहेत. क्लिअर स्टॅम्पचा (ॲक्रिलिकच्या ठोकळ्याला चिकटवून वापरायच्या पारदर्शक ठशांचा) संच ऑनलाइन मागवला, सांगलीच्या मारुती रोडवरून चमकणारा मेटॅलिक कार्डशीट आणला आणि घरात होतं ते ऑफिसचं जांभळं पॅड वापरलं. ठसा कुठे उमटतो, कुठे उमटतच नाही, आणि जिथे उमटतो तिथे दुसऱ्या दिवशीही बोटाला शाई लागते. घडी घातली की कागद फुटून आतला पांढरा दिसतो. तर जास्त महागाचे स्टॅम्प घ्यावेत का, सजावटीचा कागद सांगलीत कुठून घ्यावा, आणि कटिंगचं मशीन घेणं गरजेचं आहे का?

स्टॅम्प बदलू नका. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बहुतेकजणी आधी स्टॅम्पवरच पैसे घालतात, आणि घोळ मात्र जवळजवळ दर वेळी कागद आणि शाई यांच्या जोडीत असतो. तुमची जोडी तर एकमेकांशी अजिबात न पटणारी आहे.

ऑफिसच्या पॅडमधली शाई मुळात वाळू नये म्हणूनच बनवलेली असते. पॅड दिवसभर टेबलावर उघडं पडलं तरी चाललं पाहिजे, म्हणून तिच्यात ग्लिसरीन किंवा ग्लायकॉलसारखं, हवेत सहज न उडणारं द्रव असतं. दाखल्यावर मारलेला शिक्का आपल्याला वाळलेला वाटतो, पण तो वाळलेला नसतो, कागदात मुरलेला असतो. मेटॅलिक शीटच्या वरच्या थरात मुरायला वाटच नाही. मग शाई तिथेच बसून राहते, आज, उद्या आणि पाकिटात घातल्यावरही.

कोणताही नवा कागद आणला की कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा, मिनिटभराने फडक्याने टिपा. खाली गडद ओला डाग राहिला तर कागद शाई पितो. थेंब पुसला आणि खाली काही झालंच नाही, तर तो कागद बंद आहे, त्याला वेगळी शाई लागते. दुकानात उभं राहून हे करता येत नाही, म्हणून आधी एकच शीट घ्या. दहा शीट एकदम घेतल्यावर स्वस्त पडतात हे खरं, पण त्या दहा शीटचं पुढे काय होतं ते तुम्ही आत्ता बघताच आहात.

शाई मुख्यतः तीन प्रकारची असते. डाय इंक कागदात मुरते, चटकन वाळते, बारीक रेषा स्वच्छ देते. पण बरीचशी डाय इंक उजेडात विटते आणि वरून ओला ब्रश फिरवला तर पसरते. पिग्मेंट इंकमध्ये रंगाचे कण असतात, ते कागदावर बसतात. त्यामुळे ती दाट दिसते, आणि गडद निळ्या किंवा मरून कागदावर पांढरा, सोनेरी ठसा हवा असेल तर तीच लागते. पण ती सावकाश वाळते आणि बंद कागदावर जवळजवळ वाळतच नाही. तिसरी सॉल्व्हंट इंक. ती काचेवर, प्लास्टिकवर, तुमच्या मेटॅलिक शीटवरही बसते. तिला उग्र वास असतो, खिडकी उघडी ठेवून वापरावी लागते, आणि ती काढायला जे क्लीनर लागतं त्याने क्लिअर स्टॅम्प हळूहळू खराब होतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ती घेऊ नये असं माझं मत आहे. एक चांगलं काळं डाय पॅड आणि एक सोनेरी किंवा पांढरं पिग्मेंट पॅड, एवढ्यावर दिवाळी निघते.

मेटॅलिक शीट आणलेच आहेत, तर त्यांचं सोनं करायचा मार्ग म्हणजे एम्बॉसिंग पावडर, म्हणजे ओल्या ठशावर टाकून उष्णतेने वितळवायची पावडर. आधी कागदावर टाल्कम पावडरची पुरचुंडी हलकेच फिरवा. मलमलच्या तुकड्यात चमचाभर पावडर बांधली की झालं. याने कागदाचा दमटपणा आणि बोटांचं तेल मारलं जातं, नाहीतर सोनेरी पावडर नको तिथे ठिपक्या-ठिपक्यांनी चिकटून बसते. मग पिग्मेंट इंकने ठसा मारा आणि ती ओली आहे तोवर वर एम्बॉसिंग पावडर भरपूर ओता. कागद तिरपा करून जादा पावडर खाली घेतलेल्या कागदावर पाडा, पाठीमागून टिचकी मारा, चुकार कण कोरड्या बारीक ब्रशने उडवा. जमा झालेली पावडर परत डबीत. आता हीट गन (गरम हवा सोडणारं हातातलं यंत्र) आधी हवेत थोडा वेळ चालू ठेवा, तापली की कागदाजवळ आणा. पावडर आधी निस्तेज, दाणेदार दिसते आणि मग एका कडेपासून अचानक चकचकीत होत पुढे सरकते. ती चकाकी जिथे पोचली तिथून गन लगेच पुढे न्यायची. तिथेच रेंगाळलात तर वितळलेली पावडर कागदात शिरते, ठसा चपटा आणि तेलकट दिसतो.

केस वाळवायच्या ड्रायरने हे होत नाही. त्याची हवा जोरात असते आणि उष्णता कमी, त्यामुळे पावडर वितळण्याआधीच उडते. हीट गन नसेल तर तापलेल्या तव्याच्या वर, तव्याला न टेकवता, कागद चिमट्याने आडवा धरा. खालून ऊब लागते आणि पावडर वितळते. वेळ जास्त लागतो आणि लहान मुलं आसपास असतील तर नकोच.

आता ठशाला मध्येमध्ये टक्कल पडतं त्याबद्दल. नव्या क्लिअर स्टॅम्पवर कारखान्यातला एक पातळसा तुळतुळीत थर राहिलेला असतो. त्यावर शाई पसरत नाही, थेंबाथेंबाने गोळा होते. साधा पांढरा खोडरबर घेऊन स्टॅम्पचा चेहरा हलक्या हाताने घासा, नक्षीच्या बारीक रेषांवर जोर देऊ नका. मग एकदोनदा रद्दी कागदावर ठसे मारा. एवढ्याने निम्म्याहून जास्त तक्रारी संपतात.

शाई लावताना स्टॅम्प पॅडवर दाबायचा नाही. स्टॅम्प उलटा, तोंड वर करून धरायचा आणि पॅड त्याच्यावर टिपत जायचं. असं केलं की शाई कुठे लागली, कुठे राहिली ते दिसतं आणि कडेच्या खाचेत शाई भरत नाही. ठशाभोवती जी मळकट चौकट येते ती त्या खाचेतल्या शाईने येते. कागदाखाली माऊस पॅड किंवा पातळ फोमचा तुकडा ठेवा. आपली टेबलं सपाट दिसतात, तशी ती नसतात. स्टॅम्प सरळ खाली न्यायचा, बोटांनी चारी कोपऱ्यांवर दाब द्यायचा आणि सरळ वर उचलायचा. पोलीस पाटलाच्या शिक्क्यासारखा डावीकडून उजवीकडे लोळवायचा नाही.

तळहाताएवढा मोठा, सगळीकडे नक्षी असलेला स्टॅम्प मात्र असा कधीच नीट उमटत नाही. तो टेबलावर तोंड वर करून ठेवा, त्याला शाई लावा, वरून कागद अलगद सोडा, त्यावर रद्दी कागद ठेवून तळहाताने मधून कडेकडे घासा. वापरून झाल्यावर क्लिअर स्टॅम्प कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाच्या एका थेंबाने धुवा. ॲक्रिलिक ब्लॉकला चिकटेनासा झालेला स्टॅम्पही धुतला की पुन्हा चिकटतो. रंगाचे डाग राहतील, राहू द्या, त्याने काही बिघडत नाही. उन्हात मात्र ठेवू नका.

ऑनलाइन संचांमध्ये मजकूर बहुतेक इंग्रजीच मिळतो. ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ हवं असेल तर कोर्टाच्या, कचेऱ्यांच्या आसपास जे रबरी शिक्के करून देतात त्यांच्याकडे जा. त्यांना डिझाइन पांढऱ्यावर काळं, ठसठशीत, राखाडी छटा अजिबात नसलेलं द्यायचं. उलटं करायची काळजी ते घेतात. आत शाई असलेला स्वयंचलित शिक्का घेऊ नका, साधा लाकडी मुठीचा किंवा नुसतं पॉलिमरचं पान मागा. देवनागरीत एक पथ्य पाळावंच लागतं: अक्षराची उंची पाच मिलिमीटरच्या खाली गेली की ‘श’ची गाठ, ‘र्द’चा रफार आणि अनुस्वार शाईने भरून जातात आणि ‘हार्दिक’चं गिचमिड होतं. पोट मोकळं असलेला फॉन्ट निवडा, रेषा मध्यम जाड ठेवा. आणि चित्र स्वतःचं काढा. नेटवरून कुणाचं तरी उचलून त्याचा शिक्का करून विकणं बरं नाही, आणि कायद्यानेही अंगाशी येऊ शकतं.

स्वतः कोरायचं असेल तर मोठा खोडरबर आणि लिनो कटर (कोरायची छोटी पाती असलेलं हत्यार) पुरे. बटर पेपरवर मऊ पेन्सिलने पणती किंवा अक्षर सरळ काढायचं, बटर पेपर उलटा करून खोडरबरवर ठेवायचा आणि नखाने घासायचं. चित्र आपोआप उलटं उतरतं, म्हणजे ठसा सुलटा येतो. कोरताना रेषेच्या बाजूची भिंत आत खणायची नाही, बाहेर उतरती ठेवायची. नाहीतर दाबल्यावर रेषा वाकते. कापडावर छापायचे सागवानी ठसे जुन्या बाजारात मिळतात, तेही छान. पण त्यांची नक्षी पॅडच्या शाईने नीट भरत नाही, स्पंजवर ॲक्रिलिक रंग घेऊन तो ठशावर टिपावा लागतो, आणि छापून झालं की लगेच ब्रशने धुवावं लागतं.

कागद हा माझा आवडता भाग आहे, तेव्हा थोडं लांबलं तर चालवून घ्या.

सजावटीचा कागद म्हणून स्टेशनरीच्या दुकानात जे गुळगुळीत छापील डिझायनर पेपर मिळतात, ते मी शेवटी बघते. आधी लग्नपत्रिकांची दुकानं आणि छापखाने. पत्रिकांचा हंगाम संपला की टेक्स्चरचे, सोनेरी बुट्ट्यांचे सुटे शीट, नमुन्याच्या जुन्या पत्रिका आणि कटिंगच्या पट्ट्या पडून असतात. विचारलं तर स्वस्तात मिळतात, ओळख असेल तर कधी फुकटही. दुसरी जागा म्हणजे बाइंडिंगवाले. चोपड्या आणि जाड वह्यांच्या पुठ्ठ्यावर जो लाटालाटांचा मार्बल कागद लावतात त्याचे तुकडे त्यांच्याकडे असतात. आज तो बहुधा मशीनवर छापलेला असतो, पण मूळ अबरीची, म्हणजे हाताने मार्बल कागद करण्याची, कला आपल्याला अगदी शेजारची आहे. सतराव्या शतकात आदिलशाही विजापुरात पाण्यावर रंग तरंगवून कागदावर उचलून घेत, आणि बाकीचा भाग झाकून माणसा-जनावरांच्या आकृत्याच अबरीने भरलेली चित्रं तिथे झाली. सजावटीचा कागद कसा वापरावा याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. नक्षी एका आकारात कोंडायची, बाकी जागा कोरी सोडायची. पणतीचा, आंब्याच्या पानाचा, कंदिलाचा आकार अबरीच्या तुकड्यातून कापा, पांढऱ्या कार्डावर एकटा चिकटवा आणि खाली काळ्या शाईत एक ओळ. नक्षीचा कागद कार्डाच्या एक-तृतीयांशाहून जास्त जागेवर दिसायला लागला की ठसा त्याच्यात हरवतो.

हातकागद वापरायचा असेल तर पुण्याची हातकागद संस्था १९४० पासूनची आहे, आणि गिफ्टच्या दुकानांतला बराचसा कागद जयपूरजवळच्या सांगानेरचा असतो. सुती चिंध्यांपासून केलेला हा कागद दिसतो देखणा, पण पृष्ठभाग खडबडीत, त्यामुळे बारीक रेषांचा स्टॅम्प त्यावर तुटक उमटतो. ठळक ठसे घ्या. नाहीतर जिथे ठसा मारायचा तेवढी जागा स्टीलच्या चमच्याच्या पाठीने आधी घोटा. जुन्या दप्तरांतला मोडीचा कागद दगडाने घोटलेला असे, तो बोरू अडू नये म्हणूनच. काही हातकागदांना खळ कमी असते, त्यांवर डाय इंक टिपकागदासारखी फुटते. अशा वेळी पिग्मेंट इंक चांगली.

हळदीच्या पाण्याने कागद रंगवू का, हे सांगलीत कुणीतरी विचारतंच. रंगवा, रंग सुरेख येतो, पण तो उजेडात थोड्याच दिवसांत उडतो आणि साबणाचा किंवा चुन्याचा ओला हात लागला तर तांबडे डाग पडतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याच दिवशी हातात द्यायच्या चिठ्ठीला ठीक आहे. शोकेसमध्ये राहणाऱ्या कार्डाला नको.

घडी फुटते त्याची कारणं दोन. एक, मेटॅलिकचा वरचा थर ताठ असतो. दोन, तुम्ही कागदाच्या धाग्याला आडवी घडी घालताय. मशीनवर झालेल्या प्रत्येक कागदात तंतू एका दिशेने जास्त बसलेले असतात. शीट न मोडता आधी उभा, मग आडवा नुसता वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वाकतो, घडी त्याच बाजूने घालायची. हातकागदाला ही दिशा जवळपास नसतेच, तो कसाही दुमडा. घडीच्या रेषेवर आधी स्टीलची पट्टी धरून, संपलेल्या बॉलपेनने दाबून खाच पाडा. खाली कटिंग मॅट किंवा चार पदरी वर्तमानपत्र हवं. खाच कार्डाच्या बाहेरच्या अंगाला पाडायची आणि घडी खाचेपासून उलट बाजूला घालायची, म्हणजे मागे आलेला उंचवटा घडीच्या आत जातो. पुष्कळजण नेमकं याच्या उलट करतात. आडव्या धाग्याचा मेटॅलिक तरीही थोडा फुटेल. त्याचं मूळ कार्ड करूच नका, वरचा चिकटवायचा तुकडा करा.

मापाचं गणित पाकिटापासून सुरू करा. पाकीट आधी विकत घ्या, मग कार्ड कापा. सव्वापाच बाय सव्वासात इंचाचं पाकीट मिळालं तर पाच बाय सातचं कार्ड, म्हणजे उघडं सात बाय दहा. बावीस बाय अठ्ठावीसच्या शीटमधून दहा इंचांची बाजू अठ्ठावीसच्या अंगाने घेतली तर सहा कार्डं निघतात, बावीसच्या अंगाने घेतली तर आठ. वर दोन बाय अठ्ठावीसची एक अखंड पट्टी उरते, ती नावाच्या पट्ट्यांना कामी येते. पन्नास कार्डांना सात शीट लागतील. फक्त आठच्या मांडणीत घडी अठ्ठावीसच्या दिशेने येते, तेव्हा धागा त्या दिशेने आहे ना, हे आधी वाकवून बघा. कापायचं काम घरी कटरने करत बसू नका, छापखान्याच्या कटिंग मशीनवर सगळे शीट एका रचनेत सरळ कापून मिळतात.

चिकटवायला डबल साइड टेप. फेविकॉल लागलाच तर कमी, तोही बोटाने पातळ पसरून, आणि वरून रात्रभर जाड पुस्तकं. पावसाळ्यात पाण्याच्या गोंदाने कागद होडीसारखा वाकतो. कागदाचा साठा आडवा, झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा. आणि तुम्ही नदीच्या अंगाला राहत असाल तर तो खालच्या फळीवर ठेवू नका हे २०१९ च्या महापुरानंतर सांगलीकराला वेगळं सांगायला नको.

पोस्टाने पाठवणार असाल तर एक हिशेब आधी करा. साध्या पत्राचा वजनाचा टप्पा २० ग्रॅमचा असतो. सात बाय दहा इंचाचा २५० जीएसएमचा (चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचा) कागद साधारण सव्वाअकरा ग्रॅम भरतो, पाकीट सहा-साडेसहा ग्रॅम. म्हणजे सजावटीला सव्वादोन ते पावणेतीन ग्रॅम उरले. चार बाय सहाचा एक पातळ तुकडा चिकटवला की संपलं. ३०० जीएसएम घेतला तर कोरं कार्ड आणि पाकीट मिळूनच २० ग्रॅमला टेकतं. स्वयंपाकघरात छोटा डिजिटल काटा असेल तर पहिलं पूर्ण झालेलं कार्ड त्याच्यावर ठेवा, आणि मगच बाकीची एकोणपन्नास करा. मोती, बटणं, लाखेचा शिक्का वगैरे उंच गोष्टी वजनही वाढवतात आणि पाकिटावर पोस्टाचा शिक्का बसला की तुटतात; त्या हातात द्यायच्या कार्डांसाठी ठेवा. पोहोचल्याची खात्री हवी असेल तर स्पीड पोस्ट, कारण २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट त्यातच विलीन झालं आहे.

मशीन नको. आकार कापायचं डाय-कट मशीन घेतलं की त्याच्या डाय (कापायचे साचे) घेत बसावं लागतं, आणि पन्नास पणत्या चांगल्या कात्रीने दोन संध्याकाळी कापून होतात. कापताना कात्री स्थिर ठेवा आणि कागद फिरवा. ते पैसे कात्री, हीट गन आणि छापखान्यातल्या कटिंगवर घाला. विकायचा विचार असेल तर यंदा नको. आधी एका कार्डाला तुमचा स्वतःचा किती वेळ जातो ते घड्याळ लावून बघा, कारण साहित्याचा खर्च त्याच्यापुढे किरकोळ निघतो. तुम्ही कार्डाची किंमत कागदावरून धरली तर ऑर्डर वाढेल तशी चिडचिडही वाढेल.